बिग वॉल क्लाइंबिंग, म्हणजे कड्यावरचा मुक्काम

बिग वॉल क्लाइंबिंग म्हणजे एवढा मोठा उभा कडा चढणं की तो एका दिवसात उरकत नाही, रात्र कड्यावरच काढावी लागते. उंचीचा पक्का आकडा असा काही नाही, चार-पाचशे मीटरच्या पुढे साधारण हा शब्द वापरायला लागतात, पण आमच्या मते उंची मोजत बसण्यात अर्थ नाही, मुक्काम करावा लागला की बिग वॉल. पाणी, खाणं, अंथरूण, सकाळच्या विधीची सोय, सगळं दोराने आपल्या मागे वर ओढत न्यायचं. मराठीत प्रस्तरारोहण हा भारदस्त शब्द आहे, पण या प्रकाराला वेगळं नाव काही रुळलं नाही, पोरं सरळ "वॉलवर जायचंय" म्हणतात.

आकाराचा अंदाज यायला एक हिशोब. जळगाव-भुसावळकडचा जो कोणी शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेलाय त्याने वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा पाहिलाय, ज्याच्या पोटात लेणी आहेत. तो साधारण ७६ मीटर. आता असे बारा कडे एकावर एक ठेवा, तेव्हा कुठे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा एल कॅपिटन होतो, जवळपास ९०० मीटर सलग ग्रॅनाइट. या खेळाची पंढरी तीच.

काम नेमकं कसं चालतं

दोघं असतात बहुतेक वेळा. एक पुढे चढतो, त्याला लीड म्हणतात, दुसरा खाली दोर धरून बिले देतो, म्हणजे पहिला पडला तर दोर रोखून धरतो. लीडवाला एका दोराची लांबी, म्हणजे पन्नास-साठ मीटर चढला की फटीत साधनं बसवून किंवा बोल्टला (खडकात भोक पाडून बसवलेल्या खिळ्याला) पक्का अँकर, म्हणजे सगळ्यांचं वजन पेलणारा आधार करतो, दोर बांधतो, आणि मग खालचा माणूस कडा न चढता दोरच चढतो, जुमार लावून. जुमार म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, नाव आलंय जुसी आणि मार्टी या दोन स्विस माणसांच्या आडनावांवरून, १९५८ सालची गोष्ट. दुसरा वर येता येता लीडवाल्याने ठोकलेलं-अडकवलेलं सामान काढत येतो, ते पुढच्या टप्प्याला लागतं.

कडा हातापायाने चढण्यासारखा असेल तर ठीक, नाहीतर एड क्लाइंबिंग. म्हणजे फटीत पिटॉन, म्हणजे लोखंडी खुंटी, ठोकायचा नाहीतर धातूची बारीक पाचर सरकवायची, तिला पट्ट्यांची छोटी शिडी लटकवायची, शिडीत उभं राहायचं, हात वर करून पुढचं साधन बसवायचं, की पुन्हा तेच. याची काठिण्यपातळी 'ए शून्य ते ए पाच' (A0 ते A5) अशी मोजतात, ए पाचमध्ये एक साधन निसटलं तर खालची सगळी माळ ओघळत येऊ शकते. त्यामुळे शिडीत पूर्ण वजन टाकायच्या आधी थोडे हिसके देऊन साधन तपासतात, आणि ते करताना तोंड बाजूला ठेवतात, कारण सुटलं तर लोखंड सरळ दातावर येतं. दिवसभर हेच. तासाला दहा-पंधरा मीटर झाले तरी कोणी तक्रार करत नाही.

आणि मग बोचकं. वॉलवरचा खरा घाम त्यातच निघतो. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरलं तर दोघांना पाच दिवसांचं तीस लिटर, म्हणजे आपल्याकडच्या वीस लिटरच्या जारचे दीड जार, तीस किलो नुसतं पाणी, वर खाणं, झोपायचं, लोखंड. हे सगळं जाड कापडाच्या लांबट पिशवीत भरून पुलीवरून ओढायचं. हाताने ओढाल तर दुसऱ्या टप्प्यालाच खांदे जातील, म्हणून पद्धत अशी की वर अँकरला पुली लावायची, दोराचं एक टोक बोचक्याला, दुसरं आपल्या हार्नेसला (कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्याला), आणि आपण स्वतः कड्यावरून उलटं खाली चालत जायचं, म्हणजे आपल्या वजनाने बोचकं वर येतं. घरच्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तर लगेच कळतं, कारण ही मोट आहे! बैल धावेवरून उताराला चालत जायचे, नाडा ताणला जायचा आणि विहिरीतून मोट वर यायची. इथे बैल आपणच. आमच्याकडे प्रॅक्टिससुद्धा विहिरीतच होते, काळ्या दगडात खोदलेली साठ-सत्तर फुटी कोरडी विहीर, वर कडुलिंबाच्या बुंध्याला दोर, खाली सिमेंटच्या गोणीत भरलेली वाळू. शेजारच्या शेतातला बाबा येऊन वाकून बघतो आणि विचारतो, "काय रे भो, पानी नही तं काय काढी रायनात?"

त्या विहिरीत एक गोष्ट शिकलो ती लिहून ठेवतो. मी पाण्याचा पाच लिटरचा कॅन अँकरपाशी दोन मिनिटं 'नुसता टेकवून' ठेवला होता, खालून दोर हलला, कॅन गेला. खाली कोणी नव्हतं म्हणून हसण्यावारी गेलं. वॉलवर प्रत्येक वस्तू कशाला तरी अडकवलेली लागते, बूट काढला तरी आधी अडकवायचा मग काढायचा. पाण्यासाठी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या सगळ्यात भारी, त्यांच्या गळ्याला चिकटपट्टीचे सात-आठ वेढे देऊन त्यात दोरीचा फास बसवायचा आणि तो फास कॅरॅबिनरमध्ये, म्हणजे उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कडीत. झाकण ढिलं तर आख्खी पिशवी ओली आणि पाणी गेलं ते वेगळंच.

झोपायला पोर्टालेज, पाइपच्या चौकटीवर ताणलेली नायलॉनची बाज, एका बिंदूला टांगलेली. हार्नेस घालूनच झोपतात, दोरही बांधलेलाच. पोर्टालेज यायच्या आधी हॅमॉक असायचे. १९७६ मध्ये पीटर बोर्डमन आणि जो टास्कर गढवालमधल्या चांगबंगची पश्चिम भिंत चढायला आले, शिखर ६,८६४ मीटर, येण्याआधी दोघांनी इंग्लंडमध्ये सॅल्फर्डच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हॅमॉक टांगून रात्री काढून पाहिल्या. सावदा-रावेरच्या माणसाला कोल्ड स्टोरेज म्हटलं की केळीच आठवते, त्यामुळे हा किस्सा इकडे फार चालतो. विधीचं विचाराल तर आता पिशवीत करून ती पिशवी सोबत खाली आणतात, पूर्वी लोक कागदी पुडीत खाली भिरकावायचे, खालून चढणाऱ्यांचे हाल न बोललेले बरे.

कोण जातं याच्या वाटेला

लोकांचा समज असा की हे जीवावर उदार झालेले लोक. मला ते पटत नाही. अंगात नुसती खुमखुमी असलेला पोरगा पहिल्या बोचक्यालाच कंटाळून जातो. टिकतो तो चिवट, जरा घुम्या, एकच काम शंभर वेळा नीट करणारा. आपल्याकडे विजेच्या खांबावर चढणारे वायरमन, मोठ्या मशीनवर मेंटेनन्स करणारे असे लोक हे पटकन उचलतात, कारण सेफ्टी बेल्ट आधी आणि बाकी नंतर ही सवय त्यांच्या हाडात असते.

वॉरेन हार्डिंग असाच. अमेरिकेत जमीन मोजणीचं काम करणारा माणूस. एल कॅपिटनचा 'नोज' हा मधला धारेचा मार्ग त्याने वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर यांच्यासोबत १२ नोव्हेंबर १९५८ ला पूर्ण केला, कामाचे ४५ दिवस, पण ते पसरलेले सुमारे दीड वर्षात, दोर लावून ठेवायचे, खाली यायचं, पैसे-सुट्टी जमली की पुन्हा. एका रुंद फटीत बसतील एवढे मोठे पिटॉन मिळेनात तेव्हा त्यांनी भंगारातल्या स्टोव्हचे लोखंडी पाय ठोकले, त्या फटींना आजही स्टोव्हलेग म्हणतात. असला जुगाड आपल्या एमआयडीसीतल्या कोणत्याही फिटरला सुचला असता. शेवटच्या रात्री वरच्या पुढे झुकलेल्या भागात त्याने रात्रभर हाताने भोकं पाडून २८ बोल्ट मारले आणि सकाळी माथ्यावर.

त्याच्या समोर रॉयल रॉबिन्स. १९५७ मध्ये योसेमिटीतल्याच हाफ डोमची भिंत जेरी गॅलवास आणि माइक शेरिकबरोबर पाच दिवसांत, १९६० मध्ये नोज सलग सात दिवसांत, खाली न उतरता. त्याचं म्हणणं बोल्ट कमीत कमी, खडकाला भोकं पाडून चढलात तर चढलात काय. १९७० मध्ये हार्डिंग आणि डीन काल्डवेल एल कॅपच्या एका भिंतीवर २७ दिवस राहिले, ढिगाने बोल्ट मारले, सुटका करायला आलेल्यांना परत पाठवलं. पुढच्या वर्षी रॉबिन्स तो मार्ग चढता चढता बोल्ट तोडत सुटला आणि काही टप्प्यांनंतर स्वतःच थांबला, कारण चढाई त्याला वाटली होती त्यापेक्षा अवघड निघाली. हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि आपल्याकडे दोन ग्रुपमध्ये बोल्टवरून जी तोंडं फुगतात त्याचं मूळ हेच.

नंतरचं पटकन सांगतो. १९७३ मध्ये बेव्हर्ली जॉन्सन आणि सिबिल हेक्टेल या दोघींनी एल कॅप चढला, फक्त बायकांची ती पहिली जोडी. लिन हिलने १९९३ मध्ये नोज फ्री चढला, म्हणजे दोर फक्त पडलो तर वाचवायला, वर चढायला नाही, आणि १९९४ मध्ये तोच एका दिवसात. २०१५ च्या जानेवारीत टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्जसन एल कॅपच्याच डॉन वॉलवर फ्री चढत १९ दिवस. २०१७ मध्ये अॅलेक्स होनोल्डने दोराशिवाय एल कॅप ३ तास ५६ मिनिटांत. हे शेवटचं सगळ्यांना माहीत असतं आणि पोरं त्यावरूनच या नादाला लागतात, पण तो वेगळाच खेळ आहे, त्यात ना बोचकं ना मुक्काम.

खान्देशात काय आहे

खरं सांगायचं तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत खरी बिग वॉल नाही. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारा म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, तो इथून लांब. आपल्याकडे आहे ते सातपुड्यात तोरणमाळची सीताखाई आणि तिच्या आजूबाजूचे कडे, दक्षिणेला चाळीसगावच्या पाटणादेवीच्या वर अजिंठा-सातमाळ्याची कातळभिंत, आणि धुळे-साक्री-नंदुरबारकडे शेतातून अचानक काळी भिंत उगवल्यासारख्या लांबच लांब टेकड्या. या टेकड्या म्हणजे डाइक, जमिनीच्या भेगेत लाव्हा थिजला आणि आजूबाजूचं झिजून गेल्यावर तो उघडा पडला. त्यातले खडकाचे खांब आडवे असतात, लाकडं रचून ठेवल्यासारखे, धरायला मस्त वाटतात पण एखादं लाकूड सरळ हातात येतं.

बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट यात हाच फरक. योसेमिटीत एक फट शंभर-शंभर मीटर सलग जाते. आपला दख्खनचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या भुसभुशीत मातीची पट्टी, तिच्यावर वाळलेलं गवत आणि घसारा. फटी आंधळ्या, म्हणजे बोटभर आत जाऊन बंद. त्यामुळे इथे पिटॉन आणि बोल्टशिवाय भागत नाही, हातोडीचा आवाज ऐकत ठोकायचं, टणटण वाजला की दगड पक्का, भदभद वाजला की पोकळ.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये दुपारी काळ्या कातळाला हात लावून बघा, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की माणशी तीन लिटरचा हिशोब गेला उडत. उन्हापेक्षाही भीती आग्या मोहोळाची. दुर्बिणीने आधी आख्खा कडा बघायचा, खाली गुराख्यांना विचारायचं, अत्तर-डिओ नाही, विडी-सिगारेट नाही, आणि पोळं मार्गात असलं तर त्या वर्षी तो मार्ग नाही. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याची परवानगी लागते. अजिंठा आणि पितळखोऱ्याच्या संरक्षित कातळावर तर चढायचा विचारही करू नये. मग पोरं मोठ्या वॉलसाठी काय करतात, तर दोन वर्षं विहीर आणि डाइक, मग रात्रीची रेल्वे पकडून मनमाड, तिथली हडबीची शेंडी, मग कोकणकडा, आणि एखादा हिमालयापर्यंत जातो. निघताना आई डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा देते, भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते पण ठेचा टिकतो, फक्त पोर्टालेजवर खाताना मिरचीचा हात डोळ्याला लावू नये, धुवायला पाणी मोजूनच असतं.