डाऊनिंग स्ट्रीटवरचा पाऊस: दाराबाहेरच्या घोषणांची पार्श्वभूमी

ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २२ मे २०२४ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास लंडनच्या डाऊनिंग स्ट्रीटवर, दहा नंबरच्या आपल्या सरकारी निवासस्थानाच्या दारासमोर उभं राहून सार्वत्रिक निवडणुकीचं ४ जुलैचं मतदान जाहीर केलं, तेव्हा डोक्यावर ना छत होतं ना छत्री. भाषण पुढे सरकत गेलं तसा पाऊस वाढला आणि कोटाचे खांदे भिजून चमकायला लागले. भरीला फाटकाबाहेर एका आंदोलकाने लाऊडस्पीकरवर विरोधी पक्षाचं १९९७ च्या प्रचारातलं गाणं लावलं होतं. महागाईचा दर २.३ टक्क्यांवर उतरल्याची बातमी त्याच सकाळी आली होती आणि सरकारला मिरवायचं होतं ते हेच. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानांवर मात्र ओला कोट झळकला.

ही घोषणा रस्त्यावर उभं राहून करावी, असं कुठलाही कायदा सांगत नाही. पंतप्रधान राजाकडे संसद बरखास्त करण्याची विनंती करतात आणि राजा ती मान्य करतो. ते काम त्या दिवशी आधीच उरकलं होतं. प्रत्यक्ष बरखास्ती ३० मेला झाली. २०११ च्या कायद्याने तारीख ठरवण्याचा पंतप्रधानांचा हा अधिकार काढून घेतला होता, २०२२ च्या कायद्याने तो परत मिळाला. जानेवारी २०२५ च्या अखेरपर्यंत मुदत हाताशी असताना त्यांनी जुलै निवडला. महिना, दिवस, वेळ, सगळंच त्यांच्या मर्जीचं होतं. म्हणून ‘पावसाने घात केला’ हे म्हणणं पटत नाही.

दारातल्या भाषणाची परंपरा जितकी जुनी वाटते तितकी नाही. १९७४ च्या फेब्रुवारीतली निवडणूक टीव्हीवरच्या भाषणातून जाहीर झाली. १९९७ ची आणि २००५ ची घोषणा दारात झाली, पण मधली २००१ ची लंडनमधल्या मुलींच्या एका शाळेत. त्यावर टीका भरपूर झाली, पण परंपरा मोडली म्हणून कुणी निवडणूक हरलं नाही. २०१० ला सगळं मंत्रिमंडळ मागे रांगेत उभं होतं. २०१७ ला पोडियमवर राजचिन्ह दिसेना, त्यावरूनच पत्रकारांनी ताडलं की मामला सरकारी नाही, पक्षाचा आहे. म्हणजे दर वेळी थोडंफार बदलत गेलेला हा रिवाज. २०२४ मध्ये मात्र तो दगडावरची रेघ असल्यासारखा पाळला गेला.

खरा वाद आहे तो शेजारच्या खोलीचा. नऊ नंबरच्या इमारतीत २६ लाख पौंड खर्चून पत्रकार परिषदांसाठी एक दालन सजवलं, ते २०२१ मध्ये लोकांना दिसलं. निळी पार्श्वभूमी, झेंडे, दिवे, कॅमेरे, सगळं जागच्या जागी. रोजची टीव्हीवरची पत्रकार परिषद तिथून घ्यायचा बेत होता, तो लगेच बारगळला आणि खोली उरली. पाऊस लागला तर चार पावलांवर कोरडी जागा होती. मग आत का गेले नाहीत? पंतप्रधानांनी पुढे दिलेलं उत्तर असं, की ऊन असो वा पाऊस, अशी घोषणा त्या दारासमोरच व्हायला हवी. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल: ती निळी खोली म्हटली की लोकांना करोनाच्या काळातले निर्बंध आठवत, आणि त्याच काळात त्याच पत्त्यावर झालेल्या मेजवान्याही. प्रचाराचा नारळ तिथे फोडायला कुणाचंही मन कचरलं असतं. दुसरं म्हणजे मंत्रिमंडळाला सांगून झालं होतं, बातमी फुटत चालली होती. सर ओसरेपर्यंत थांबायचं तर अफवांचा बाजार भरला असता. तरीही पोडियम उंबरठ्याच्या आत सरकवणं किंवा भाषण दोन मिनिटांत आटपणं हातात होतं.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. ६ सप्टेंबर २०२२ ला त्यांच्या आधीच्या पंतप्रधान पहिल्या भाषणाला यायच्या होत्या, तेव्हा सर आली आणि पोडियमवर चक्क कचऱ्याची काळी पिशवी चढवावी लागली. स्वागताला आलेली मंडळी छत्र्या उघडून उभी. त्या पोचेपर्यंत पाऊस थांबला आणि भाषण बाहेरच झालं. दोन वर्षांत सल्लागार यातून शिकले ते एवढंच, की पाऊस थांबतो.

छत्रीचं काय? पुढ्यात कागद आणि हातांना हावभाव करायचे असताना स्वतः छत्री धरून बोलणं अवघड, थेंबांची टपटप माईकमध्ये शिरते, चेहऱ्यावर सावली पडते. दुसऱ्याने धरली तर नवाबी थाट दिसतो. त्यात ब्रिटनमध्ये छत्रीला इतिहास आहे. १९३८ मध्ये हिटलरशी म्युनिक करार करणारे पंतप्रधान चेंबरलेन यांची छत्री पुढे नमतं घेण्याची खूण ठरली. २००७ मध्ये वेम्बलीवर क्रोएशियाकडून हार होत असताना छत्रीखाली उभा राहिलेला इंग्लंडचा फुटबॉल प्रशिक्षक तर चेष्टेचा कायमचा विषय झाला. दारावर तात्पुरतं छप्पर टाकावं, तर ज्या काळ्या दारासाठी हा खटाटोप तेच झाकोळतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की साताऱ्याची सभा निघतेच. १८ ऑक्टोबर २०१९, मतदानाला तीन दिवस उरलेले, एक ज्येष्ठ नेते धो धो पावसात बोलत राहिले आणि तिथल्या लोकसभा पोटनिवडणुकीचं वारं फिरलं. पुढे पावसात भाषण न थांबवणं हा आपल्या पुढाऱ्यांचा जणू नुस्खाच झाला. पण साताऱ्यात समोरचं मैदानही भिजत होतं, लोक डोक्यावर खुर्च्या धरून ऐकत होते. लंडनमध्ये समोर होते फक्त पत्रकार आणि कॅमेरे. म्युनिकहून परतलेल्या पंतप्रधानांनी दहा नंबरच्या खिडकीतून भाषण केलं, तेव्हा खालचा रस्ता माणसांनी फुलला होता. १९८९ मध्ये सुरक्षेसाठी लोखंडी फाटकं बसली आणि गर्दी कायमची बाहेर गेली. उघड्यावर बोलण्याचं कारण संपलं, उघड्यावर बोलणं चालू राहिलं. एकटा माणूस भिजताना दिसला की निर्धारापेक्षा अव्यवस्थाच जास्त दिसते, हे सल्लागारांना कळायला हवं होतं. विरोधी नेत्यांनी त्या संध्याकाळी आपलं उत्तर छताखाली, झेंड्यांसमोर, कोरड्या कोटात दिलं.

निकालात सत्ताधारी पक्ष १२१ जागांवर आला. त्याचं खापर पावसावर फोडणं पोरकटपणाचं होईल. चौदा वर्षांच्या सत्तेचा हिशेब त्यात होता. ५ जुलैला राजीनाम्याचं भाषणही दारातच झालं. या वेळी मागे उभ्या असलेल्या पत्नीच्या हातात छत्री होती, आणि तिच्यावर दिवसभर मीम्स फिरले. त्याच दुपारी नवे पंतप्रधान आले, तेव्हा रस्त्याच्या कडेला झेंडे घेतलेले कार्यकर्ते आधीच आणून उभे केले होते.