निफ्टचा अर्ज: चित्रं चांगली असूनही कागदांपायी प्रवेश का हुकतो

बारावीचा निकाल लागला की पालक चौकशीला येतात: मुलीला फॅशन डिझाईनला घालायचंय, निफ्टचा फॉर्म कधी निघतो? तो फॉर्म तोवर निघालेला, भरून झालेला आणि परीक्षाही उरकलेली असते. 2025 च्या प्रवेशाची लेखी परीक्षा 9 फेब्रुवारी 2025 ला झाली, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या लेखी परीक्षेच्या तोंडावरच. अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात भरायचे होते. राज्याच्या सीईटी सेलचं वेळापत्रक डोक्यात ठेवून जे थांबतात, त्यांचं अख्खं वर्ष जातं. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. मूल बारावीला गेलं की त्याच पावसाळ्यात कागद गोळा करायला लागायचं, निकालाची वाट पाहायची नाही. निकाल नंतर जोडता येतो, बारावीला बसलेली मुलंही अर्ज करू शकतात.

निफ्ट म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था. 1986 साली दिल्लीत सुरू झाली, केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली चालते आणि 2006 च्या कायद्यानं तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. महाराष्ट्रात तिचं एकच केंद्र आहे, नवी मुंबईत खारघरला. नावात दोन-तीन अक्षरं सारखी ठेवून गल्लोगल्ली 'फॅशन इन्स्टिट्यूट' निघाल्या आहेत. त्यांतल्या काही चांगलं शिकवतातही, पण त्यांचा या संस्थेशी संबंध नाही. पहिल्या वर्षाला 'डायरेक्ट ॲडमिशन करून देतो, जागा धरून ठेवलीय' असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पात्रता थोडक्यात. बी.डेसला, म्हणजे डिझाईनच्या पदवीला, कोणत्याही शाखेची बारावी चालते, कला शाखेची मुलंही निर्धास्त अर्ज करू शकतात. मान्यताप्राप्त तीन किंवा चार वर्षांचा डिप्लोमाही चालतो. कपड्यांच्या कारखानदारीकडे नेणाऱ्या बी.एफ.टेकला मात्र बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांना ही वाट बंद होते आणि हे अकरावीत कुणी सांगत नाही. वयाची अट प्रवेशाच्या वर्षीच्या 1 ऑगस्टला 24 पेक्षा कमी अशी आहे; अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत. दहावीनंतर आयटीआयमधून शिवणकामाचा किंवा ड्रेस मेकिंगचा एक वर्षाचा ट्रेड केलेल्या मुली पुष्कळ असतात, हात अतिशय तयार असतो त्यांचा. पण तो ट्रेड बारावीच्या बरोबरीचा धरत नाहीत. मुक्त विद्यालयातून बारावी करणार असाल तर पाच विषय घेतलेले असू द्या.

परीक्षा 2024 पासून एनटीए, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय परीक्षा संस्था, घेते. बी.डेसला तीन टप्पे: चित्र आणि कल्पकतेचा पेपर, सामान्य क्षमतेचा पेपर, आणि त्यातून निवडलेल्यांची सिच्युएशन टेस्ट, जिच्यात समोर ठेवलेल्या सामानातून दिलेल्या विषयावर वस्तू घडवायची असते. भार अनुक्रमे 50, 30 आणि 20 टक्के. बी.एफ.टेकला फक्त सामान्य क्षमतेचा पेपर. यावर शिकवण्यांचा बाजार भरलेला आहे, म्हणून मी इथे जास्त लिहीत नाही. मुलं अडतात ती पुढच्या गोष्टींत.

जातीचा दाखला आहे, पण केंद्राचा नाही

निफ्टमध्ये ओबीसींना 27 टक्के, अनुसूचित जातींना 15, जमातींना साडेसात आणि ईडब्ल्यूएसला, म्हणजे आरक्षण नसलेल्यांतल्या आर्थिक दुर्बलांना, 10 टक्के जागा आहेत. दिव्यांगांसाठी 5 टक्के या सगळ्यांत आडव्या पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतूनच. आता होतं असं की मुलाकडे प्रांताच्या सहीचा जातीचा दाखला असतो, नॉन क्रिमीलेयर (घर उन्नत गटात मोडत नाही असा दाखला) असतं, कधी कधी तर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्रही असतं. घरच्यांना वाटतं, आता काय राहिलं? राहिलेलं असतं ते केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन क्रिमीलेयर. निफ्ट केंद्राची संस्था आहे, तिला राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. वैधता प्रमाणपत्र जोडून ही उणीव भरून निघत नाही.

दोन्ही दाखले दिसायला सारखेच. वर राजमुद्रा, खाली डिजिटल सही, बारकोड. फरक मजकुरात आहे. केंद्राच्या नमुन्यात जात आणि नॉन क्रिमीलेयर दोन्ही एकाच कागदावर येतं, आणि उमेदवार क्रिमीलेयरमध्ये मोडत नाही हे सांगताना केंद्राच्या कार्मिक विभागाच्या 8 सप्टेंबर 1993 च्या ज्ञापनाचा, क्रमांक 36012/22/93 चा, उल्लेख असतो. हातात दाखला आला की काउंटरवरून हलायच्या आधी ती ओळ शोधा. नसेल तर तो केंद्राचा दाखला नाही, मग देणारा काहीही सांगो. सेतू किंवा महा ई सेवा केंद्रात नुसतं 'नॉन क्रिमीलेयर काढायचंय' म्हणालात तर सवयीनं राज्याचाच अर्ज भरला जातो. 'सेंट्रलचं पाहिजे' असं स्पष्ट सांगा, निफ्टच्या माहितीपत्रकातल्या नमुन्याची प्रिंट पुढ्यात ठेवा आणि अर्ज पाठवण्याआधी स्क्रीनवर एकदा वाचा. इतकी साधी गोष्ट काउंटरवरून आपणहून सांगायला काय जातं, हे मला आजवर समजलेलं नाही. तिकडून मुलं राज्याचा दाखला घेऊन निघतात आणि इकडे राखीव जागेवरचा हक्क गमावतात.

त्याआधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राच्या यादीत पाहून घ्या. राज्याची वर्गवारी आणि केंद्राची वर्गवारी वेगळी आहे. व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असे रकाने केंद्रात नाहीत. धनगर इथे एनटी-सी आणि वंजारी एनटी-डी, केंद्रात मात्र दोघेही ओबीसी. फॉर्ममध्ये एनटी सापडत नाही म्हणून घाबरून 'ओपन' निवडणारी मुलं असतात. एकदा अर्ज गेला आणि दुरुस्तीची मुदत उलटली की प्रवर्ग बदलून मिळत नाही.

उत्पन्नाचा हिशोबही समजून घ्या. मर्यादा आठ लाखांची, पण केंद्राच्या नियमांत शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत आणि सरकारी नोकरदाराचा पगारही धरत नाहीत. त्याचं पद पाहतात. आई किंवा वडील वर्ग एकचे अधिकारी म्हणून थेट रुजू झालेले असतील तर मूल क्रिमीलेयरमध्ये. वर्ग तीनच्या शिक्षक जोडप्याचा पगार मिळून आठ लाखांवर गेला म्हणून अर्ज परत आला, तर त्याच 1993 च्या ज्ञापनाची प्रत जोडून लेखी हरकत घ्या. तोंडी वाद घालून काही हाती लागत नाही, लेखी अर्जावर पोच घ्या.

तारीख हा आणखी एक खड्डा. राज्याचं नॉन क्रिमीलेयर तीन वर्षांपर्यंत चालतं, म्हणून हेही चालेल असं गृहीत धरू नका. दाखला कोणत्या तारखेनंतर काढलेला पाहिजे, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. अर्ज हिवाळ्यात आणि प्रवेश उन्हाळ्यात असल्यानं मध्ये 31 मार्च येतो, आर्थिक वर्ष बदलतं. ती ओळ आई-वडिलांनी स्वतः वाचावी. शेजारच्या मुलाचं गेल्या वर्षी काय झालं त्यावर जाऊ नये.

1967 च्या आधीचा पुरावा

आणि हा तो कागद, जो कुणाकडेच नसतो. जातीचाच दाखला अजून काढलेला नसेल तर ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा. आजोबा शाळेतच गेले नव्हते, मग त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून?

वाटा आहेत. आजोबा नसले तरी चुलत आजोबा शाळेत गेले असतील. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जुनं जनरल रजिस्टर असतं, मुख्याध्यापकांकडे अर्ज करून त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. शाळेत काहीच नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जा. तिथे गाव नमुना 14, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते असतं. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात आहेत आणि नावापुढे जात लिहिलेली असते. नक्कल मागताना पणजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल द्या. कित्येक ठिकाणी या नोंदी मोडी लिपीत आहेत, पानं जीर्ण झालेली आहेत, आणि एका नोंदीसाठी पाच-दहा सालं चाळावी लागतात. मोडी वाचणारा माणूस सोबत नेलात तर काम सोपं होतं. मिळालेल्या नक्कलेतल्या माणसापासून मुलापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहायची आणि मधल्या प्रत्येक पिढीचा एखादा कागद जोडायचा. हे सगळं वडिलांच्या बाजूचं लागतं. लग्न झालेल्या मुलीलाही माहेरचेच कागद लागतात, सासरचे नव्हे. याला महिने जातात, म्हणून वर पावसाळ्यापासून लागा असं म्हटलं.

ईडब्ल्यूएसचा घोळ

इथे हिशोब उलटा होतो. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि त्यात पगार, शेती, धंदा सगळं धरतात. शिवाय मालमत्ता पाहतात: शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल, किंवा हजार चौरस फूट वा मोठा फ्लॅट असेल, तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी दाखला मिळत नाही. अधिसूचित नगरपालिकांच्या हद्दीत 100 चौरस यार्डांचा आणि इतरत्र 200 चौरस यार्डांचा निवासी प्लॉटही आड येतो. सहा एकर जिरायत असलेल्या घराची परिस्थिती मी जाणतो, पण नियम जिरायत-बागायत पाहत नाही.

मराठा समाजातल्या मुलांना 'तुम्हाला एसईबीसी मिळालंय, ईडब्ल्यूएस मिळणार नाही' असं सांगून परत पाठवल्याच्या तक्रारी येतात. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हे राज्याचं आरक्षण आहे, निफ्टच्या फॉर्ममध्ये तो प्रवर्गच नाही. केंद्राच्या यादीत जे कुठेच येत नाहीत त्यांना अटी पूर्ण केल्या तर केंद्राच्या प्रवेशासाठी ईडब्ल्यूएस मागता येतं. अर्जात 'केंद्रीय शैक्षणिक संस्थेतील प्रवेशासाठी' असं कारण लिहा. हा दाखला एका आर्थिक वर्षापुरता असतो, त्यावरचं वर्ष नीट बघा.

नावं

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. जातीच्या दाखल्यावर आणखी तिसरंच स्पेलिंग. आडनावाचा क्रम उलटसुलट असणं समजावून सांगता येतं, पण स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर अर्जाच्या आधीच दुरुस्त करा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव पाया धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या, उलट करायला जाऊ नका. बोर्डाकडून नाव बदलून घेणं फार लांबतं. फॉर्म आपल्याच मोबाईल नंबरवरून आणि आपल्याच ईमेलवरून भरा. सायबर कॅफेवाल्यानं स्वतःचा ईमेल टाकला तर समुपदेशनाची, म्हणजे जागावाटपाची, सूचना त्याच्याकडे जाते आणि फी भरायच्या दोन-चार दिवसांच्या मुदतीचा तुम्हाला पत्ताही लागत नाही.

विणकर आणि कारागिरांच्या घरातली मुलं

ही वाट फार थोड्यांना माहीत आहे. कारागीर आणि कारागिरांच्या मुलांसाठी निफ्टनं अलीकडे वेगळा प्रवेश सुरू केला आहे. येवल्यातला पैठणी विणणारा, सोलापुरातला हातमागवाला, कोल्हापुरी चप्पल करणारा, सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवणारा, या घरांतल्या मुलांनी त्याची सूचना आवर्जून पाहावी. अडतं ते ओळखपत्रावर. केंद्राच्या हस्तकला किंवा हातमाग विकास आयुक्तांचं पहचान कार्ड लागतं. पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या घरात ते कार्ड नसतं, कारण कधी गरजच पडली नाही. कारखानदाराच्या नावावर माग असेल तरी विणणाऱ्याला कार्ड काढता येतं. आई विणकाम करत असेल तर आईचंही काढा.

दाखला मुदतीत मिळाला नाही तर

लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून लागू आहे आणि हे दाखले त्यात येतात. 'आपले सरकार' या राज्याच्या पोर्टलवर अर्ज केला की पावती मिळते, प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली असते. मुदत टळली किंवा कारण न देता अर्ज फेटाळला, तर त्याच पोर्टलवरून पहिलं अपील करता येतं, तेही 30 दिवसांच्या आत. त्यावरही काही झालं नाही तर दुसरं, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. 'साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या' हे उत्तर ऐकून परत येण्यापेक्षा पावतीचा क्रमांक घालून अपील टाका. आणि त्रुटी काढून अर्ज परत आलेला असेल तर ती त्रुटी पोर्टलवर लेखी दिसते. ती आधी वाचा, कारण बऱ्याचदा एखादं पान उलटं स्कॅन झालेलं असतं किंवा शिधापत्रिकेची मागची बाजू राहिलेली असते, आणि अर्ज महिनाभर तसाच पडून असतो.