मांगा मालिकेवरील लेखाचे सामूहिक संपादन

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. अशा एखाद्या मालिकेवरचा विकिपीडियातील लेख तिच्या चाहत्यांनी मिळून लिहिणे, तपासणे आणि पुढे राखणे, या कामाची ही नोंद आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तिथे कोणालाही खाते उघडून लिहिता येते. मराठवाड्यात या कामाला बसणारी मंडळी बहुधा कॉलेजातली असतात. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथली वसतिगृहे आणि अभ्यासिका ही त्यांची बसण्याची ठिकाणे, आणि कामाचा हंगाम परीक्षा ठरवतात. फेब्रुवारीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत बारावी आणि ‘नीट’मुळे शुकशुकाट असतो, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जोर येतो. मांगा वाचलेली असते इंग्रजी भाषांतरातून, तिच्यावरची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका पाहिलेली असते हिंदी डबिंगमध्ये, आणि लिहायचे असते मराठीत. त्यामुळे एकाच पात्राचे नाव तिघे तीन तऱ्हांनी लिहितात. लेखाची पहिली ओळ लिहिण्याआधी नावांचा तक्ता ठरवणे ही म्हणूनच या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. ती वगळली, तर पुढचे निम्मे श्रम खोडण्यात आणि पुन्हा लिहिण्यात जातात.

मालिकेची निवड

नव्या गटाने संपलेली मालिका घ्यावी. चालू साप्ताहिक मालिकेत दर आठवड्याला प्रकरण वाढते, आणि गट परीक्षेला बसला की माहितीचौकटीतले (लेखाच्या बाजूला येणाऱ्या थोडक्या माहितीच्या तक्त्यातले) आकडे शिळे होतात. या नोंदीत पुढे ‘डेथ नोट’ हे एकच उदाहरण घेतले आहे. ती पूर्ण झालेली आहे, आटोपशीर आहे, आणि नवख्या संपादकाला अडवणारे जवळपास सगळे खाचखळगे तिच्यात सापडतात. कथा ओबा त्सुगुमी यांची, चित्रे ओबाता ताकेशी यांची. प्रकाशक शूएइशा, साप्ताहिक ‘शोनेन जंप’. प्रकरणे १०८, खंड १२. लेख टिकण्यासाठी उल्लेखनीयता दाखवावी लागते, म्हणजे प्रकाशकाशी संबंध नसलेल्या जाणकारांनी त्या मालिकेबद्दल सविस्तर लिहिलेले असले पाहिजे. गटातल्या सगळ्यांची ती आवडती आहे, हे कारण तिथे चालत नाही.

नावांचा तक्ता

तक्ता लेखाच्या चर्चापानावर (लेखाला जोडलेल्या, संपादकांच्या बोलण्याच्या पानावर) सर्वांत वर ठेवावा. त्यात चार रकाने पुरतात: जपानी लेखन, उच्चार, ठरलेले मराठी रूप, आणि ज्यांवरून पुनर्निर्देशन करायचे (वाचकाला आपोआप ठरलेल्या नावाच्या पानावर न्यायचे) ती इतर रूपे.

जपानी त आणि द दंत्य आहेत. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिणारा ‘ओबाटा टाकेशी’ लिहितो. बरोबर रूप ‘ओबाता ताकेशी’. लेखकाच्या आडनावात इंग्रजी छपाईत येणारा एच् फक्त ओकाराचे दीर्घत्व दाखवतो, म्हणून ‘ओह्बा’ चूक, ‘ओबा’ बरोबर. देवनागरीतला ओ मुळातच दीर्घ असल्यामुळे त्यावर वेगळी खूण करायची गरज नाही. ऊकार मात्र पाळता येतो आणि पाळावा: शूएइशा. ‘त्सुगुमी’ आणि ‘ताकेशी’ यांत शेवटचा इकार दीर्घ लिहायचा तो मराठी शुद्धलेखनाच्या नियमाने. ‘त्सु’ऐवजी ‘चु’ लिहिण्याचा मोह होतो, कारण ‘चूक’मधला च त्याच्या अगदी जवळचा आहे, पण आपला च दोन प्रकारे वाचला जातो, म्हणून ‘त्सु’च ठेवावा. रुळलेल्या नावांना हात लावू नये. ‘टोकियो’चे ‘तोक्यो’ केल्याने वाचकाचा काहीच फायदा होत नाही.

आडनाव आधी की नाव आधी, हेही एकदाच ठरवावे. लेखकांची नावे जपानी क्रमाने आणि पात्रांची इंग्रजी क्रमाने, अशी सरमिसळ फार लेखांत दिसते. ‘ओबा त्सुगुमी’ लिहायचे ठरले, तर पात्रही ‘यागामी लाइट’.

याहून चिवट अडचण टंकलेखनाची आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. मृत्युदेव ऱ्यूक याचे नाव साध्या र, हलन्त आणि य या क्रमाने टंकले की रफार य च्या डोक्यावर चढतो आणि ‘र्यूक’ उमटते. मराठीला इथे अर्धचंद्री र हवा. त्यासाठी ऱ (खाली टिंब असलेला) घ्यावा, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट दाबून र च्या कळीवर मिळतो. काही जण र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून तोच आकार आणतात. पडद्यावर दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे एकाच पात्राची दोन पाने तयार होऊ शकतात आणि शोधात एक सापडले तर दुसरे सापडत नाही. ‘ॲनिमे’चेही तेच: एकसंध ॲ, अ ला जोडलेला चंद्र, आणि मध्ये जोडचिन्ह घालून जोडलेला चंद्र, असे तीन प्रकार सर्रास फिरतात. गटाने एकसंध ॲ आणि टिंबाचा ऱ ठरवून तसे तक्त्यात लिहावे. नावे टंकू नयेत, तक्त्यातून उचलून चिकटवावीत. एवढ्या एका सवयीने निम्मी डोकेदुखी जाते.

दुव्यांना विभक्ती लावतानाही जपावे. [[ऱ्यूक]]ला असे लिहिले की प्रत्यय दुव्याला नीट चिकटतो. [[कथानक]]ात असे लिहिले तर कंसानंतर नुसता काना उरतो आणि संपादनाच्या चौकटीत ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तिथे [[कथानक|कथानकात]] असे दोन भाग द्यावेत. ‘मालिका’चे ‘मालिकेत’ होते तशा सामान्यरूपांनाही हाच उपाय.

तारखा, खंड आणि आयएसबीएन

जपानी साप्ताहिकाच्या अंकाला क्रमांक असतो, विक्रीचा दिवस असतो आणि मुखपृष्ठावरची तारीख वेगळी असते. ‘डेथ नोट’चे पहिले प्रकरण २००४ च्या अंक १ मध्ये आले, पण तो अंक विक्रीला आला १ डिसेंबर २००३ रोजी. शेवटचे प्रकरण २००६ च्या अंक २४ मध्ये, विक्री १५ मे २००६. एकाने अंकावरून ‘२००४’ लिहायचे, दुसऱ्याने विक्रीवरून ‘२००३’ करायचे, आणि दोघांनीही संदर्भ द्यायचा: हा वाद अटळ आहे, आणि दोघांचेही संदर्भ खरे असतात. लेखात विक्रीची तारीख घ्यावी आणि तळटीपेत अंक क्रमांक द्यावा.

खंडांच्या संख्येवरून याहून जास्त ओढाताण होते. मूळ खंड १२. त्यानंतर २००६ मध्येच आलेला ‘१३ वा’ खंड हा मार्गदर्शक ग्रंथ आहे, कथेचा पुढचा भाग नाही. जपानी खिसा-आवृत्ती ७ पुस्तकांची आहे. इंग्रजीतली ‘ब्लॅक एडिशन’ दोन-दोन खंड एकत्र बांधून ६ पुस्तकांत येते, आणि सगळे एकाच जाडजूड पुस्तकात सामावणारी आवृत्तीही आहे. ज्याच्या हातात जे पुस्तक पडले, तो तो आकडा लिहितो. माहितीचौकटीत फक्त मूळ १२ लिहावेत. बाकीच्या आवृत्त्या ‘प्रकाशन’ विभागात एका परिच्छेदात सांगाव्यात. ॲनिमेचे ३७ भाग आहेत; तो आकडा प्रकरणांच्या रकान्यात जाऊन बसलेला दिसला की तिथे मांगा न वाचलेला संपादक येऊन गेला, असे खुशाल समजावे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, २००७ पासून १३ अंकी झाला. त्याआधीच्या जपानी खंडांवर १० अंकी क्रमांक छापलेला आहे. पहिल्या खंडाचा क्रमांक ४-०८-८७३६२१-४. यातला ४ जपानचा, ०८ शूएइशाचा, पुढचे सहा अंक पुस्तकाचे आणि शेवटचा ४ हा तपासणीचा अंक. याच्या आधी नुसते ९७८ लावून १३ अंक केले की साचा (माहिती भरण्याचा विकिपीडियावरचा तयार नमुना) लाल अक्षरांत चूक दाखवतो, कारण दोन पद्धतींत तपासणीचा अंक वेगळ्या रीतीने काढतात. १० अंकी पद्धतीत अंकांना १० ते २ अशा उतरत्या संख्यांनी गुणतात आणि बेरीज ११ ने भागली जावी असा शेवटचा अंक बसवतात. १३ अंकी पद्धतीत आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात आणि बेरीज १० ने भागली जावी लागते. म्हणून याचे बरोबर रूप ९७८-४-०८-८७३६२१-१. साच्यात हे अंक इंग्रजी आकड्यांतच (0 ते 9) भरावेत. गटात एकाकडे छापील खंड असला तरी पुरे. प्रकाशनाची माहिती असलेल्या पानाचा फोटो त्याने गटावर टाकला की आवृत्ती, मुद्रण आणि क्रमांक यांवरचे तर्क थांबतात.

संदर्भ आणि कथानक

कथानकासाठी मालिकाच संदर्भ म्हणून चालते, फक्त प्रकरणाचा क्रमांक द्यावा. ‘लाइट मनातून घाबरलेला होता’ यासारखे अर्थ लावणारे वाक्य मात्र समीक्षकाच्या आधाराशिवाय लिहिता येत नाही. विक्रीचे आकडे ओरिकॉन (विक्रीच्या याद्या देणारी जपानी कंपनी) किंवा प्रकाशकाकडून घ्यावेत. ॲनिमे न्यूज नेटवर्कच्या बातम्या चालतात. त्याच संकेतस्थळाचा कोश-विभाग वाचकांनी भरलेला असल्याने चालत नाही. मायॲनिमेलिस्ट आणि फॅनडमची पानेही त्याच कारणाने बाद. चाहत्यांनी विनापरवाना भाषांतर केलेल्या पानांचा दुवा अजिबात देऊ नये. ते प्रताधिकारभंगाला वाट दाखवणे होते.

इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शनात चित्रपटाच्या कथानकाला ४०० ते ७०० शब्द सांगितले आहेत. १२ खंडांच्या मांगालाही तेवढेच पुरतात. शेवट लपवू नये. लेख हा कोशाचा भाग आहे, आणि कथानकाच्या विभागात कथा पूर्ण सांगितली जाते.

इंग्रजी लेखावरून अनुवाद करताना बदलाच्या सारांशात मूळ लेखाचे नाव आणि दुवा द्यावा लागतो, कारण तो मजकूर नामनिर्देशाच्या अटीवर खुला आहे. यंत्राने केलेला अनुवाद जसाच्या तसा टाकला तर ‘खंड’ऐवजी ‘आवाज’ आणि ‘प्रकरण’ऐवजी ‘धडा’ आलेला सापडतो. असा मजकूर सुधारण्यापेक्षा नव्याने लिहिणे कमी वेळात होते.

एकत्र बसून काम

एका जोडणीवरून, म्हणजे एकाच आयपी पत्त्यावरून, दिवसात सहाच खाती उघडता येतात. कॉलेजच्या वायफायवर वीस जण बसले की सातव्यापासून सगळे अडकतात. खाती आदल्या दिवशी घरून किंवा मोबाइल डेटावर उघडून ठेवावीत.

कामाची वाटणी विभागवार करावी: एक जण माहितीचौकट आणि प्रस्तावना, एक प्रकरणांची यादी, एक प्रकाशन, एक प्रतिसाद आणि समीक्षा, आणि एक फक्त भाषा. भाषेचे काम शेवटी उरकायचे समजून कमी लेखू नये. लेख वाचनीय होतो तो त्यामुळेच. हा माणूस लिहिण्यात गुंतलेला नसावा. दोघांनी एकाच वेळी एकच विभाग उघडला तर नंतर जतन करणाऱ्याला हाताने मेळ घालावा लागतो आणि घाईत पहिल्याचा मजकूर पुसला जातो. म्हणून पूर्ण पान उघडू नये, विभागापुढच्या ‘संपादन’ दुव्यानेच आत शिरावे. मोठा भाग धूळपाटीवर (कच्च्या लिखाणाच्या पानावर) तयार करावा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर दर परिच्छेदाला जतन करावे. ‘बदल छोटा आहे’ची खूण फक्त टंकचुकांसाठी ठेवावी.

लेखाच्या बदलांच्या इतिहासाच्या पानावरचे आकडे बाइटमध्ये असतात, याचे भान ठेवावे. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त प्रत्येकी ३ बाइट घेतात. ‘ऱ्यूक’ एवढा शब्द १५ बाइटचा. इंग्रजी लेखाशी आकाराची तुलना करताना मराठीचा आकडा तीनाने भागला तर अंदाज येतो.

चर्चापानावर ‘मी तक्ता दुरुस्त करायलोय, कोणी हात लावू नका’ अशी आपली मराठवाडी बोली खुशाल चालते, आणि चालावी. तिने नवखी मुले बिचकत नाहीत. लेखात प्रमाण मराठी. हिंदीची सावली सर्वांत जास्त पडते ती ‘कि’ आणि ‘नही’ या लेखनावर, आणि ‘द्वारा’ वापरून केलेल्या वाक्यांवर: ‘ओबा द्वारा लिखित’ खोडून ‘ओबा यांनी लिहिलेली’ करावे.

मुखपृष्ठे आणि पात्रांची चित्रे प्रताधिकारात असतात. विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाचा चित्रांचा सामायिक साठा) ती घेत नाही आणि चढवलेली चित्रे काढून टाकली जातात. चाहत्याने स्वतः काढलेले ऱ्यूकचे चित्रही मूळ पात्रावर बेतलेले असल्याने तिथे चालत नाही.

वाद आणि राखण

इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवणाऱ्यावर (रद्द करणाऱ्यावर) बंदी येऊ शकते. गटाने याहून कडक राहावे: एकदा उलटवून झाले की चर्चापान. तिथे आठवडाभरात निकाल लागला नाही, तर प्रश्न चावडीवर (विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) न्यावा आणि प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांना, विचारावे. गटातल्या सगळ्यांनी एकामागोमाग येऊन ‘सहमत’ लिहिणे हा युक्तिवाद नव्हे. बाहेरच्यांना ती ठरवून केलेली गर्दी दिसते आणि वजन संदर्भालाच मिळते.

लेख तयार झाला की किमान तिघांनी तो आपल्या पहाऱ्याच्या सूचीत ठेवावा, शक्यतो वेगवेगळ्या वर्षांत शिकणाऱ्यांनी, म्हणजे एक तुकडी परीक्षेत किंवा नोकरीत गेली तरी पहारा राहतो. विध्वंसक बदल एरवी महिनोन्महिने तसेच पडून असतात. वर्षातून एकदा सगळे दुवे उघडून पाहावेत. मेलेल्या दुव्याला वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या सेवेवरची प्रत जोडावी. पण दुवा चालू असतानाच प्रत काढून ठेवलेली असेल तरच ती तिथे मिळते, म्हणून नवा संदर्भ देतानाच ती जतन करावी.