पेशीपटल 'दुरुस्त' करणारी कॅप्सूल आणि आपल्या आत फिरणारी मोटर

हल्ली रील्समध्ये आणि व्हॉट्सॲपवर एक दावा सारखा दिसतो, की वय वाढलं की पेशींची पटलं खराब होतात, गळायला लागतात, त्यामुळे थकवा येतो, आणि फॉस्फोलिपिडची कॅप्सूल घेतली की पटल दुरुस्त होऊन दिवसभर एनर्जी राहते. ओळखीतले लोक विचारतात, घेऊ का? यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच लोकांना तो पटतो. एनर्जीचा आणि पटलाचा संबंध आहेच, आणि माझ्या मते अख्ख्या जीवशास्त्रातली ती सगळ्यात भारी गोष्ट आहे. म्हणून आधी तीच सांगतो, कॅप्सूलचं नंतर बघू.

पेशीचं पटल म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचे दोन थर. डोकं पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली रक्तातल्या तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली, तेव्हा ती पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागा व्यापते असं दिसलं, म्हणजे थर दोन असणार. पण एनर्जीसाठी हे बाहेरचं पटल महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे ते मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे शाळेत शिकलो त्या तंतुकणिकेचं, आतलं घड्या घड्यांचं पटल.

आपण जे खातो त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन या आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या रांगेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतात. त्या प्रवासात जी ऊर्जा सुटते ती वापरून ही प्रथिनं प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतात. पलीकडे प्रोटॉनची गर्दी होते, त्यांना परत यायचं असतं पण पटल त्यांना येऊ देत नाही. कोयना धरणात पाणी अडवलं म्हणून टर्बाइन फिरतं ना, तसंच इथे प्रोटॉन अडवले जातात. त्यांना परत यायला एकच नीट वाट असते, एटीपी (पेशी कामाला वापरते तो ऊर्जेचा रेणू) बनवणाऱ्या एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून, आणि ते येताना हे प्रथिन खरोखर गोल फिरतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात साधारण ८ प्रोटॉन आत आले की एक फेरा, आणि एका फेऱ्यात ३ एटीपी तयार. सेकंदाला शंभरच्या वर फेरे होऊ शकतात.

ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. तेव्हा बऱ्याच जणांना ती पटली नाही, पण पुढे १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. आणि फिरणं प्रत्यक्ष दिसलं १९९७ मध्ये. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी ही मोटर काचेवर उलटी चिकटवली, तिच्या दांड्याला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला, एटीपी दिलं आणि मायक्रोस्कोपखाली तो धागा गोल गोल फिरताना दिसला. मोटर उलटी चालत होती, एटीपी बनवण्याऐवजी खात होती, पण फिरते हे डोळ्यांनी दिसलं! मला याच्यापेक्षा सुंदर प्रयोग माहीत नाही.

आता पटल किती पातळ ते बघा. जाडी साधारण ५ नॅनोमीटर आणि दोन बाजूंमध्ये दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास फरक, म्हणजे गणित केलं तर मीटरला ३ कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत मीटरला ३० लाख व्होल्टला ठिणगी पडते. एवढा ताण हे चरबीचे दोन थर सोसतात. रिकामे बसलो तरी आपण दिवसाला ढोबळमानाने स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाईल इतकं एटीपी बनवतो आणि वापरतो, पण कुठल्याही क्षणी शरीरात असतं ते त्या मानाने अगदी थोडंच, तेच तेच परत भरलं जातं.

आणि पटल गळलं तर काय होतं तेही माहीत आहे. डायनायट्रोफिनॉल हे रसायन प्रोटॉनला पटलातून आडवाटेने पार करतं, मोटर न फिरवता. सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. १९३३ पासून अमेरिकेत ते वजन कमी करायला म्हणून विकलं गेलं, वजन उतरायचंही, पण लोकांच्या अंगात ताप भडकला, काही मेले, काहींना मोतीबिंदू झाला, आणि १९३८ मध्ये ते बंद करावं लागलं. आजही ऑनलाइन चोरून विकलं जातं, कुणी दिलं तर हातही लावू नका.

आता कॅप्सूल. आत बहुतेक सोया लेसिथिन असतं, बिस्किटाच्या पुड्यावर 'इमल्सिफायर ३२२' लिहिलेलं असतं तेच. ते गिळल्यावर आतड्यात स्वादुपिंडाचं फॉस्फोलायपेज एन्झाइम त्याची एक शेपटी कापतं, तुकडे आतड्याच्या पेशीत जातात, तिथे परत जोडले जातात, मग लसिकेतून रक्तात आणि पुढे यकृताकडे वगैरे. म्हणजे तो रेणू जसाच्या तसा जाऊन तुमच्या मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात बसत नाही. दुसरं म्हणजे आपल्याच पित्तातून रोज साधारण १० ते २० ग्रॅम फॉस्फोलिपिड आतड्यात येतं आणि बरंचसं परत शोषलं जातं. त्यात कॅप्सूलमधला एखादा ग्रॅम कितीसा फरक करणार?

शिवाय मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाचं खास लिपिड वेगळंच आहे, कार्डिओलिपिन. चार शेपट्यांचं. १९४० च्या दशकात मेरी पँगबॉर्न यांनी ते बैलाच्या हृदयातून वेगळं केलं. गरोदरपणात रक्ताची सिफिलिससाठीची व्हीडीआरएल तपासणी होते ना, त्यात हेच कार्डिओलिपिन वापरतात. हृदयातल्या कार्डिओलिपिनच्या चारही शेपट्या बहुतेक लिनोलेइक ॲसिडच्या असतात, आणि ते शरीर स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच लागतं. पण कार्डिओलिपिन मायटोकॉन्ड्रिया स्वतः घडवतो, टॅफॅझिन नावाचं एन्झाइम त्या शेपट्या बदलून देतं, आणि या एन्झाइमच्या जनुकात बिघाड असला तर बार्थ सिंड्रोम होतो, मुलाचं हृदय आणि स्नायू कमकुवत राहतात. आणि लिनोलेइक ॲसिड कशात आहे? करडई, तीळ, शेंगदाणा, सूर्यफूल यांच्या तेलात. रोजच्या फोडणीतून भरपूर मिळतं. लेसिथिनच्या डोक्यातला घटक, कोलीन, तोही अंड्यात आणि सोयाबीनमध्ये आहे.

आहाराने पटलं बदलतच नाहीत असं मात्र नाही. बांगडा, तारली नियमित खाल्ली तर तांबड्या पेशींच्या पटलात ओमेगा-३ वाढलेलं मोजता येतं, पण त्याला आठवडे-महिने लागतात. 'तिसऱ्या दिवसापासून फरक' म्हणणारे लोक आणि पाण्यावर मंत्र टाकून देणारे बाबा, दोघंही थकलेल्या माणसाच्या खिशावरच डोळा ठेवून असतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

कारण थकव्याचं साधं कारण तपासायचं राहूनच जातं. इलेक्ट्रॉनची जी रांग वर सांगितली तिच्यातली बरीच प्रथिनं लोहावर चालतात, आणि ऑक्सिजन आणून देणारं हिमोग्लोबिनही लोहाचंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही खूप असते. तेव्हा सतत दम लागत असेल, पाय ओढत असतील, तर कॅप्सूलच्या पैशात आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्या. लोह कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तशी गोळी घ्या, सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते, सोबत लिंबू चालतं, पण चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको, त्याने लोह कमी शोषलं जातं.