टीएमएस चालू असताना गोळ्या परस्पर बंद करू नका

टीएमएस म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या कॉइलमधून मेंदूला चुंबकीय ठोके देऊन नैराश्यावर केलेला उपचार. “मशीन सुरू झालं, आता गोळ्या थांबवू का?” असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. विचारलंत तर उत्तमच. न विचारता थांबवणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे.

पहिल्या दिवशी डोक्यावर कॉइल ठेवून आम्ही तुमच्या अंगठ्याकडे बघत होतो, आठवतं? किती ताकदीच्या ठोक्याला अंगठा हलतो, त्यावरून तुमची मात्रा ठरते. बहुधा त्या मापाच्या १२० टक्के. हे माप प्रत्येकाचं वेगळं असतं आणि एकाच माणसाचंही बदलतं. झोपेची किंवा घबराटीची गोळी अचानक सोडली, रात्रभर जागरण झालं, की कालच्याच मात्रेवर फिट येण्याचा धोका वाढतो. एरवी असं फार क्वचित घडतं. ते क्वचितच राहावं म्हणून खुर्चीत बसण्याआधी रोज तेच तीन प्रश्न असतात: गोळ्या बदलल्या का, झोप झाली का, दारू घेतली का. खरं सांगा. घरच्यांसमोर अवघड वाटत असेल तर आत आल्यावर सांगा.

काही बदललं असेल तर माप पुन्हा घ्यावं लागतं, कधी त्या दिवशीची सिटिंगच रद्द होते. तुमचा हेलपाटा होतो, मागच्यांचा खोळंबा होतो. काहीजण रागावतात, तरी यात आम्ही सवलत देत नाही. पुन्हा माप घेण्याचे पैसे मात्र घेत नाही. रात्रीचा प्रवास किंवा घरात लग्नकार्य असेल तर आदल्या दिवशी फोन करा, वेळ बदलून देऊ.

टीएमएस म्हणजे विजेचा शॉक नव्हे. भूल नसते, नंतर कामावर जाता येतं. टकटक मोठी असते, म्हणून कानात बोळे देतो. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर ही पद्धत चालत नाही. येताना डोक्याला तेल नको, कॉइलच्या जागेची खूण असलेली टोपी सरकते.

अमेरिकेत नैराश्यासाठी टीएमएसला २००८ मध्ये मान्यता मिळाली, नैराश्यासोबतच्या चिंतेसाठी २०२१ मध्ये. त्यामुळे नुसत्या चिंतेसाठी आलेल्यांना आम्ही आधी समुपदेशन आणि औषधं सुचवतो.

आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. नोकरदारांसाठी तीन मिनिटांची थीटा बर्स्टही (झपाट्याने, झुबक्यांत ठोके देण्याची टीएमएसचीच पद्धत) आमच्याकडे आहे. २०१८ च्या मोठ्या चाचणीत ती ३७ मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सिटिंगची वाट पाहू नका. लगेच आम्हाला कळवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. तिथे रात्रीही कुणीतरी असतं.