तीव्र मानसिक आजार आणि आरोग्यसेवांचा वापर (बेळगाव सीमाभाग)

स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार आणि भ्रम-भासांसह येणारे तीव्र नैराश्य यांचा समावेश सामान्यतः तीव्र मानसिक आजारांत होतो. असे आजार असलेली माणसे मनाच्या व शरीराच्या उपचारांसाठी कोठे जातात, कोणासोबत जातात आणि उपचार मध्येच का सुटतात, हा या नोंदीचा विषय आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, गरज असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के आढळले होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी कुटुंबांत पहिली धाव पुष्कळदा देवऋषाकडे असते. ‘बाहेरचं आहे’ असे ठरले की सौंदत्तीची यल्लम्मा किंवा चिंचलीची मायाक्का यांना नवस बोलला जातो. मग गावातल्या डॉक्टरांकडून झोपेची गोळी घेतली जाते, आणि माणूस घर सोडून जाऊ लागला किंवा अंगावर धावून आला की मनोविकारतज्ज्ञाची आठवण होते. कर्नाटकात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला जोडून, ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी तज्ज्ञांकडून रुग्णांची तपासणी होते. दाखल करण्याची वेळ आली तर बेळगावचे जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची ‘डिम्हान्स’ ही मानसिक आरोग्य संस्था गाठावी लागते.

निपाणीकराला मात्र बेळगावपेक्षा कोल्हापूर बरेच जवळ पडते आणि सोयरीकही तिकडचीच असते. पण कर्नाटकाची ‘शक्ती’ योजना (जून २०२३) स्त्रियांना राज्यांतर्गत साध्या बसमध्येच मोफत प्रवास देते. सोबत जाणारी बहुधा आई किंवा बायको असल्याने कोणत्या गावचा दवाखाना धरायचा, हे कधीकधी तिकिटावर ठरते. दोन्हीकडे आलटूनपालटून जाणाऱ्या रुग्णाची कागदपत्रे दोन ठिकाणी विखुरतात; मागची गोळी का बदलली होती, हे नव्या डॉक्टरांना कोणी सांगू शकत नाही.

मनोविकाराचे निदान मुख्यतः बोलण्यातून होत असल्यामुळे भाषेचा प्रश्न येथे इतर विभागांपेक्षा अधिक बोचतो. डॉक्टर कन्नड बोलणारे आणि रुग्ण फक्त मराठी जाणणारा असेल, तर दुभाषा होतो तो नातेवाईक. ‘भावजय माझ्या जेवणात काहीतरी कालवते’ ही तक्रार खुद्द भावजयीनेच भाषांतरित करायची, असाही प्रसंग त्यामुळे उद्भवू शकतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत आजाराची व उपचारांची माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे. मात्र दुभाष्यांची कायमची सोय नसेल तिथे तो कागदावरच राहतो.

सर्वांत दुर्लक्षित बाजू शरीराची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीप्रमाणे तीव्र मानसिक आजार असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते, आणि त्यामागे आत्महत्येइतकेच, किंबहुना अधिक, हृदयविकार, मधुमेह आणि श्वसनविकार असतात. ओलांझापिन व क्लोझापिन या भ्रम-भासांवरच्या औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते, क्लोझापिनसाठी पांढऱ्या पेशींची मोजणी नियमित करावी लागते, तर द्विध्रुवी विकारासाठी लिथियम घेणाऱ्यांचे मूत्रपिंड व थायरॉइड तपासत राहावे लागते. गोळ्यांचे पाकीट घरी आले की घरच्यांच्या लेखी काम संपते; वजन आणि साखर यांची नोंद ठेवणे कोणाचे, हे ठरलेले नसते. छातीत दुखते म्हणून असा रुग्ण सामान्य बाह्यरुग्ण विभागात गेला आणि त्याच्या फाइलीवरची औषधे आधी वाचली गेली, तर दुखणे ‘डोक्यातलेच’ समजले जाण्याचा धोका असतो. म्हणून सोबतच्या माणसाने शरीराची तक्रार आधी आणि मनाच्या औषधांची यादी नंतर सांगणे शहाणपणाचे.

ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गोळ्यांबद्दल काही विचारायचे असल्यास कुटुंबाला तिचा आधार घेता येतो.