स्वरोपचार
बिघडलेला आवाज श्वास, उच्चार व नादनिर्मितीच्या सवयी बदलून सुधारण्याची पद्धत. रूढ नाव व्हॉइस थेरपी. ती एकटी किंवा औषध-शस्त्रक्रियेच्या जोडीने वापरतात. गोव्यात काल्या-जत्रांच्या नाटकांतले नट, भजनी व शिक्षक यांना तिची गरज विशेष भासते.

उगमाबाबत मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाचे, म्हणजे आवाज बिघडण्याचे, सहा प्रकार येतात, पण भर औषधयोजनेवर आहे. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात (सु. तेरावे शतक) खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक हे आवाजाचे भेद दोषांनुसार सांगितले आहेत, ते वर्गीकरण होय, उपचार नव्हे. गायनशिक्षक मान्वेल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरशाने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले. तेथून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक गायक अल्लादिया खाँ यांचा आवाज गेला आणि त्यातून त्यांची गायकी घडली, हा दाखलाही दिला जातो. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) व कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) त्यांच्या शिष्या, त्यामुळे गोव्यात तो जिव्हाळ्याचा. मात्र घराण्यातील धृपदाचा वारसा त्याहून जुना असल्याने सारे श्रेय आवाज जाण्याला देता येत नाही.

बोलताना स्वरयंत्रातील स्वरतंतू सेकंदाला पुरुषांत साधारण १०० ते १३०, स्त्रियांत २०० च्या आसपास वेळा एकमेकांवर येतात. ओरडून बोलल्यास हा आघात वाढतो, सूज येते आणि तंतूंच्या पुढच्या एकतृतीयांश भागाच्या सीमेवर, बहुधा दोन्ही बाजूंना, गाठी धरतात. त्या कापून काढल्या तरी सवय तीच राहिल्यास पुन्हा होतात. उलट सवय सुटल्यावर पुष्कळ गाठी शस्त्रक्रियेविना ओसरतात. ग्लासातील पाण्यात नळी बुडवून तिच्यातून ‘ऊ’ काढण्याचा व्यायाम साधा दिसतो, परंतु परतणाऱ्या दाबामुळे तंतू किंचित विलग राहतात व कमी जोर लावूनही आवाज निघतो. मिटल्या ओठांनी गुणगुणून नाक-ओठांतील कंप ओळखायलाही शिकवतात. आवाज बसल्यावर कुजबुजणे अनेकांना विश्रांती वाटते. जोर लावून कुजबुजल्यास उलट ताण पडतो. कंपवातात (पार्किन्सन) क्षीण झालेल्या आवाजासाठी ली सिल्व्हरमन पद्धतीत चार आठवड्यांत १६ सत्रे घेतात.

तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा टिकल्यास आधी स्वरयंत्राची तपासणी हवी, कारण कर्करोगाचेही ते पहिले लक्षण असू शकते. गोव्यात ती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात होते.